मातेचा त्याग आणि आपले अश्रू
(धनज येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या धनज गावी भरलेल्या या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. आम्ही विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन मुलांकडून अक्षरे गिरवून घेण्यात आमचे आयुष्य गेले. म्हणून विषयही घरातलाच निवडला आहे : मातेचा त्याग आणि त्यावर आपण ढाळीत असलेले अश्रू.

दूरचित्रवाणीवर 'आई कुठे काय करते' ही मालिका डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली व नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. जवळजवळ पाच वर्षे तिने घरोघरी लोकांस डोळ्यांना पदर लावावयास लावला. मूळ कथा एका बंगाली मालिकेची. परंतु तिच्यातील अरुंधती मराठी माणसास आपल्याच घरातली वाटली. सासू-सासरे, पती आणि तीन मुले यांच्यासाठी ती पंचवीस वर्षे झिजते. तरी ती करते काय, हा प्रश्न आहेच. पतीचे मन दुसरीकडे गुंतल्याचे कळते, तेव्हा तिच्या पायाखालची जमीन सरकते. प्रेक्षक रडले ते येथे. पण पुढे ती घटस्फोट घेते, गाण्याच्या विद्येवर स्वतःच्या पायांवर उभी राहते. तेव्हा मात्र पुष्कळांनी नाके मुरडली. आई सोशीत होती तोवर ती देवी. बोलू लागताच ती आगाऊ! या फरकाचा आपण विचार करावा, एवढ्यासाठीच आम्ही उभे आहोत.

त्याग कशास म्हणावे? आपल्या शेजारचे कारंजे हे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. गुरुचरित्रात कथा आहे की, मुंज होताच बाळ नरहरी घर सोडून निघाला, तेव्हा माता अंबेने शोक केला. पण ती नुसती रडत बसली नाही. मला पुत्र होईपर्यंत तू थांब, असे तिने मागितले. तो थांबला. तिला दोन पुत्र झाले आणि मग आईबापांचा निरोप घेऊन तो काशीच्या वाटेस लागला. मातेने पुत्र दिला, पण स्वतःचे म्हणणे मांडून दिला.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या १९५३ च्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. ती आई दारिद्र्यात खंगली खरी. परंतु सावकाराच्या माणसाने दारात येऊन अपमान केला, तेव्हा ती माउली गप्प बसली नाही. आपण तिचे आजारपण आठवून रडतो आणि तिचे तेज विसरतो.

तात्पर्य हे की, ज्यास 'नाही' म्हणण्याची मोकळीक आहे त्याने 'हो' म्हणून दिले तर तो त्याग. ज्यास विचारलेच नाही त्याच्याकडून घेतले तर त्यास दुसरे नाव आहे, आणि ते नाव गोड नाही.

आता आपल्या गावांकडे पाहू. घरचा कर्ता पुरुष वारतो. तेरवी आटोपते. मग मुले आईला निबंधकाच्या कचेरीत नेतात आणि हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा उठतो. कागदात काय आहे हे तिला कोणी वाचून दाखवीत नाही. ती म्हणते, "पोरांचंच आहे सारं." पुढे दोन भाऊ वेगळे निघतात आणि आईचे महिने वाटले जातात : चार याच्याकडे, चार त्याच्याकडे, उरलेले लेकीकडे. ही मंडळीही मालिका पाहून रडतच असतात.

कायदा मातेच्या पाठीशी आहे, हे आपल्या भगिनींनी ऐकून ठेवावे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता पती वारला, तर त्याच्या मालमत्तेत विधवेला मुलामुलींच्या बरोबरीने वाटा आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याप्रमाणे मुलांनी आईबापांस पोसणे बंधनकारक असून, त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर तो व्यवहार रद्द ठरविता येतो. मात्र ती अट दस्तात लिहिलेली असावी. अंबामातेने शब्द घेतला, तसा आपल्या मातांनी कागदावर घ्यावा. १९९२ च्या शासन परिपत्रकाने पतीच्या हयातीतच सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याची सोय केली, तिचाही लाभ घ्यावा.

शाळेत पहिलीच्या मुलास आम्ही आईचे नाव विचारीत असू, तेव्हा पुष्कळ मुले नुसतेच 'आई' म्हणत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावण्याचा नियम महाराष्ट्र शासनाने केला आहे. दाखल्यावर आले ते नाव शेताच्या उताऱ्यावरही यावे.

आपली संस्था दरवर्षी आदर्श मातांचा साडीचोळी व श्रीफळ देऊन सत्कार करते. ही प्रथा चांगली आहे. तिला जोडून आमची एक नम्र सूचना आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर एक वर्षपर्यंत कोणीही ज्ञातिबांधव आईकडून हक्कसोडपत्र करून घेणार नाही आणि त्यानंतरही ज्ञातीतील दोन जाणत्या माणसांनी कागद तिला वाचून दाखविल्याखेरीज तिचा अंगठा घेणार नाही, असा ठराव या मेळाव्याने करावा. काही घरांत यामुळे कटुता येईल. येऊ द्यावी. तशा घरी आईचे ताट शेवटी वाढले जाते, ही कटुता काय थोडी आहे?

मालिका खुशाल पाहाव्या, डोळेही पुसावे. परंतु डोळे पुसून झाल्यावर उठून स्वयंपाकघरात जावे आणि आई जेवली की नाही ते विचारावे.