पुस्तकालाही तेलाचे हात लागू द्या

(हट्टा, ता. वसमत, जि. हिंगोली येथे बचत गटांच्या महिलांसमोर केलेले भाषण)



आपल्या गटांच्या सामाईक कार्यशाळेसाठी शिलाई मशीन, मसाल्याची गिरणी, पाने-पकडी यांची यादी झाली. त्या यादीत मला आणखी एक वस्तू घालायची आहे : यंत्रांच्या पुस्तकांचे कपाट.

यंत्र बाईच्या हाती येते, त्याचे पुस्तक येत नाही. शिलाई मशीन आपल्या नावावर मिळते, पण खोक्यातले माहितीपुस्तक कुठे जाते? माळ्यावर, नाहीतर चुलीत. मग टाका सुटू लागला की मशीन वसमतला न्यायचे आणि सांगतील तेवढे पैसे मोजायचे. हळदीच्या हंगामात तर बघा. वेचणी, निवडणी आपण करतो, शिजवणीच्या वेळी वाफेच्या कुकरजवळही राबतो. पण दाबाचा काटा कसा वाचायचा, जादा वाफ सोडणारी झडप कशासाठी असते, हे ठाऊक असते कुकर चालवणाऱ्या पुरुषाला. वाफ मात्र बाई-पुरुष बघून भाजत नाही. कष्ट बाईचे आणि तंत्र पुरुषाचे, ही वाटणी कुणी केली, हे आपण विचारायला हवे.

तंत्र म्हणजे मोठ्या इंजिनिअरांचेच काम, असेही नाही. देशभर पोचलेला ‘इंडिया मार्क टू’ हापसा १९७०च्या दशकात तयार झाला. त्याच्या आधीचे नमुने जालना आणि सोलापूर इथे घडले होते. या हापशाचा खालचा वायसर बदलायचा तर सगळे पाइप वर ओढावे लागतात. नंतरच्या ‘मार्क थ्री’चा पाइप रुंद, त्यामुळे दट्ट्या वरूनच काढता येतो. आपल्या वस्तीवरचा हापसा कोणता, हे पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघता येते. मग काय बिघडले आणि दुरुस्तीला काय लागेल, हे पंचायतीला ठणकावून सांगता येते.

तुम्ही म्हणाल, “ताई, आम्हाला कुठे वाचता येतं?” ‘शरीर की जानकारी’ हे पुस्तक आठवा. राजस्थानातल्या खेड्यांतल्या बायकांनी कार्यकर्त्यांसोबत ते घडवले आणि १९८९ साली ‘काली फॉर विमेन’ने छापले. उघड्या शरीराची चित्रे त्यांना पटली नाहीत. गावात असे कुणी दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणून कपडे घातलेले चित्र काढले आणि वरची घडी उचलली की आतले शरीर दिसेल, अशी सोय केली. पुस्तक कसे असावे, हे वापरणाऱ्या बायकांनी ठरवले.

आपणही तसेच करू. नवे यंत्र आले की त्याच दिवशी माहितीपुस्तकाची झेरॉक्स काढायची. मूळ प्रत पेटीत, झेरॉक्स यंत्राजवळ. कपाटात खण लेखकाच्या नावाने नकोत. हापसा, शिलाई, गिरणी, हळद, फवारणी असे यंत्राच्या नावाने असावेत आणि बाहेर चित्र चिकटवावे. आठवड्यातून एकदा एकीने मोठ्याने वाचावे, दुसरीने यंत्रावर हात ठेवून दाखवावे. शाळेतल्या मुली वाचतील, जाणत्या बायका समजावतील. प्रत्येक पुस्तकामागे कोरी वही शिवायची : काय बिघडले, कोणता भाग लागला, किती खर्च आला. कंपनीच्या पुस्तकात जे नसते, ते या वहीत साठेल. पानाला तेल लागले म्हणून दंड नको. किल्ली मात्र दोघींकडे, आणि दर तीन महिन्यांनी जोडी बदलायची. नाहीतर पुन्हा एकीचीच मालकी होते.

“आता मोबाईलवर सगळं दिसतं,” असेही कुणी म्हणेल. दिसते, जरूर बघा. पण तो मोबाईल दुपारी घरात असतो का? त्यातले यंत्र आपल्याच मॉडेलचे असते का?

राहिला पैशाचा प्रश्न. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणेही बंधनकारक आहे. त्या सभेत कपाटाचा आणि झेरॉक्सच्या खर्चाचा ठराव मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या आणि मग सगळ्याजणी ग्रामसभेला चला. हिशेब मागायला आपण बचत गटात शिकलोच आहोत. आता यंत्राचाही हिशेब मागू.