भिंत का गुणगुणते?



आज आम्ही तुम्हांला आमच्याच घरची एक गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट भुताची नाही. पण घरात भूत शिरायला किती थोडा वेळ लागतो, ते तिच्यावरून कळेल.

चैत्राचे दिवस होते. आमचे घर जुने, दगडमातीच्या जाड भिंतींचे. एके रात्री निजानीज झाल्यावर स्वयंपाकघरातून आवाज येऊ लागला. घूं... घूं... असा. दिवा लावून पाहिले. काही दिसेना. दुसऱ्या रात्री तेच. पुढे भर दुपारीही आवाज ऐकू येऊ लागला.

मग कुजबुज सुरू झाली. आमच्या थोरल्या वहिनी म्हणाल्या, "घरात नवीन माणूस आलं आणि हे सुरू झालं." नवीन माणूस म्हणजे आमची धाकटी सून. फाल्गुनात लग्न होऊन आलेली. शेजारी म्हणाले, "देवऋषीला बोलवा. उशीर करू नका." सून बिचारी खाली मान घालून भाकरी थापत होती. आणि आम्ही? आम्ही जन्मभर शाळेत मुलांना 'विचार करा' म्हणून सांगितले. पण त्या दिवशी गप्प बसलो. हे सांगताना आजही लाज वाटते.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी मनाशी ठरवले, आवाज आहे तर त्याला जागा असलीच पाहिजे. ती शोधायची.

पहिला संशय विजेचा. तारेचा जोड सैल झाला तर तोही गुणगुणतो. आम्ही मेन स्विच बंद केला. आवाज चालूच राहिला. म्हणजे वीज नव्हे. तुमच्या घरी मात्र स्विच बंद केल्यावर आवाज थांबला, तर वायरमनला बोलवा. सैल जोड तापतो आणि आग लागते. स्वतः हात घालू नका.

दुसरा संशय भुंग्याचा. भुंगा वाशाला गोल भोक पाडतो. खाली लाकडाचा भुसा पडतो. आम्ही वासे पाहिले. भोक नाही, भुसाही नाही.

मग आम्ही सुनेलाच विचारले, "मुली, तू दिवसभर इथं वावरतेस. तुला काय वाटतं?"

ती हळूच म्हणाली, "मामंजी, ऊन चढलं की आवाज वाढतो. आणि कोनाड्यात डबा ठेवायला गेलं की तो जवळ वाटतो."

हे तिला पहिल्यापासून ठाऊक होते. पण तिला कोणी विचारलेच नव्हते!

आम्ही पितळेचा पेला उपडा करून भिंतीला लावला. त्याच्या बुडाला कान लावला. पेला सरकवत कोनाड्यापाशी आलो, तो आवाज एकदम मोठा झाला. लगेच घरामागे जाऊन त्याच जागी बाहेरून पाहिले. दोन दगडांमध्ये बोटभर फट होती. तिच्यातून मधमाश्या आतबाहेर करत होत्या. हेच आमचे भूत!

या माश्यांना सातेरी म्हणतात. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत त्या अंधारात पोळी बांधतात. पोळ्यात त्यांची पिल्ले असतात. पिल्लांना सुमारे ३५ अंश उष्णता लागते. ऊन वाढले की कामकरी माश्या पंखांनी वारा घालतात आणि पोळे थंड राखतात. म्हणून दुपारी आवाज जास्त. सुनेचे म्हणणे अगदी खरे ठरले.

कोणी म्हणाले, "पलिता लावा." आम्ही नको म्हटले. त्यात घर पेटायचे, माणसांना डंख व्हायचे, आणि माश्या फुकट मरायच्या. माश्या फुलाफुलांवर बसतात, म्हणून भोपळा, कारली धरतात, सूर्यफुलात दाणा भरतो.

आम्ही जाणत्या मधपाळाला बोलावले. तो संध्याकाळी आला, कारण त्या वेळी माश्या घरी परततात. त्याने थोडा धूर दिला, दगड काढला. पिल्लांची पोळी लाकडी चौकटींना दोऱ्याने बांधून पेटीत ठेवली. राणी माशी पेटीत गेली. तिच्यामागे बाकीच्याही गेल्या. मग आम्ही फट बुजवली. महाबळेश्वराजवळच्या मांघर गावात तर पुष्कळ घरी अशा मधपेट्या आहेत. २०२२ साली ते 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले.

त्या रात्री घर शांत झाले. वहिनींनी सुनेला जवळ बसवून घेतले. आम्हीही तिला म्हणालो, "मुली, आमचं चुकलं."

तेव्हा मंडळी, घरात आवाज आला तर भिऊ नका. तो केव्हा येतो, कोठून येतो, कशाने वाढतो, हे पाहा. घरातल्या प्रत्येकाला विचारा. जी सर्वांत गप्प असते, तिला आधी विचारा. आवाजाचे मूळ भिंतीत शोधा, माणसात शोधू नका. भुताखेताची भीती घालून कोणी लुबाडू लागला, तर तो गुन्हा आहे. आपल्या राज्यात २०१३ सालापासून तसा कायदा आहे.