कलाशिक्षण आणि आपला शिष्यवृत्तिनिधी



मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय १८५७ साली निघाले, बडोद्याची ललितकला विद्याशाखा १९५० साली. तरीही ‘चित्रे काढून पोट भरते काय?’ हा प्रश्न आपल्या घरांतून अद्याप ऐकू येतोच. कोल्हापूरच्या भानु अथैया जे. जे. मध्येच शिकल्या व १९८३ साली वेशभूषेसाठी ऑस्करच्या मानकरी ठरल्या.

वरच्या वर्गांत विद्यार्थ्यास एकेक काम महिनोन्‌महिने राबून तडीस न्यावे लागते; रंग, कॅनव्हास, लाकूड यांचा खर्च फीहून निराळाच. आपला निधी मात्र वैद्यक व अभियांत्रिकी एवढेच जाणतो. त्यातील एक वाटा या साहित्यासाठी राखावा आणि तो मुलामुलींस सारखाच मिळावा, इतकी विनंती करून मी आपली रजा घेतो.