पदवीनंतरचा जून

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी तरी विदुषी बोलवावी असा आपला प्रघात आहे. यंदा ठरलेल्या बाईंना ताप आला आणि परवा संध्याकाळी कार्यवाहबाई माझ्या दारात उभ्या राहिल्या. "तुम्ही ३७ वर्षे बँकेत होतात. मुलींना पदवीनंतर काय करावे ते सांगा," म्हणाल्या. मी हो म्हटले, आणि त्या जिना उतरल्यावर ध्यानात आले की पदवीनंतर काय करावे हे मला स्वतःला कधीच कळले नव्हते. तेव्हा आज तेच सांगते.

मी साताऱ्याची. १९७९ साली शिवाजी विद्यापीठाची बी.एस्सी. झाले, विषय रसायनशास्त्र. आमच्या घरातली पहिली पदवीधर मुलगी. अण्णांनी आळीभर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तो करायला काहीच नाही! पंधरा वर्षे दर जूनने मला कोणत्या वर्गात बसायचे ते सांगितले होते. त्या वर्षीचा जून नुसता पाऊस घेऊन आला.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. अण्णा म्हणत, बँक. आत्या म्हणे, बी.एड. कर, शाळेची वेळ संसाराला बरी पडते. भाऊ म्हणे, एम.एस्सी. आई काही म्हणत नसे, पण पत्रिकेच्या चार प्रती तिने करून ठेवल्या होत्या. मुलाला 'काय करायचे ते ठरव' म्हणतात तेव्हा त्यामागे मुदत नसते. मुलीला तेच म्हणतात तेव्हा कपाटात पत्रिका तयार असते. आता काळ बदलला म्हणतात. आपल्यापैकी किती जणींच्या कपाटांतून त्या प्रती गेल्या, ते ज्याचे त्याने पाहावे.

मी सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवले. मग एका शाळेत रजेच्या जागेवर अकरा आठवडे शिकवले. आठवीच्या मुलांनी मला असे काही नाचवले की आत्याचा बी.एड.चा विषय तिथेच संपला. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि तालुक्यातालुक्यांत शाखा निघत होत्या. मी लेखनिकाची परीक्षा दिली, पास झाले आणि १९८१ साली रुजू झाले. पहिल्या दिवशी एसटीत खिडकीकडे तोंड करून रडले. रसायनशास्त्र शिकलेली मुलगी आता टोकने वाटणार, याचे ते रडे होते.

त्या काळी बँकेत सारे हाताने चाले. जाडजूड लेजरे, त्यांतल्या शेकडो खात्यांच्या बाकीची बेरीज, आणि ती जुळली नाही की घरी जाणे नाही. एकदा २७ पैशांचा फरक राहिला. रात्रीचे नऊ वाजले. शिपाई दिवे मालवायला टपलेला. मी एकेक पान उलटत होते आणि कोणी तरी ७२ चे ४५ उतरवलेले सापडले. भगिनींनो, त्या क्षणी मला कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचा, चंचुपात्र हलवत राहायचे, आणि एका थेंबासरशी पांढऱ्या पाण्यावर फिकट गुलाबी छटा यायची. एक थेंब अधिक पडला की सारे फुकट. मला आवडत होते ते हेच होते. रसायने नव्हेत, तर तंतोतंत जुळण्याचा तो क्षण! विषयाचे नाव आणि कामाची जात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कोणी प्राध्यापकांनी सांगितले नव्हते. आपण मुलींना विचारतो, 'तुला कोणता विषय आवडतो?' दिवसभर काय करायला आवडते, हे विचारतच नाही. एकटीने बसणे की माणसांत वावरणे, हाताने करणे की बोलणे, रोज नवे की रोज तेच नीट?

आणि आवडीचे दार उघडेच सापडते असेही नाही. आपल्या पुण्यातलेच उदाहरण घ्या. सिमला ऑफिसचा चौक आपण सगळ्या जाणतो. हवामान खात्याची कचेरी १९२८ साली सिमल्याहून इथे आली म्हणून ते नाव. (माझ्या सूनबाई इतकी वर्षे समजत होत्या की तिथे सफरचंदे मिळत असावीत.) त्या खात्यात १९४८ साली अ‍ॅना मणी नावाच्या बाई रुजू झाल्या. मद्रासला पदार्थविज्ञान शिकलेल्या, बंगलोरला सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली हिरे-माणकांवर संशोधन केलेल्या. तरीही एम.एस्सी. नाही म्हणून डॉक्टरेट मिळाली नाही. १९४५ साली विलायतेला गेल्या त्या पदार्थविज्ञानासाठी, पण शिष्यवृत्ती होती हवामानाच्या उपकरणांची. त्यांनी ती घेतली. पुढे पर्जन्यमापक, वायुभारमापक अशी शंभराच्या आसपास उपकरणे देशातच घडवता यावीत म्हणून त्यांची प्रमाणित रेखाटने तयार करवली आणि १९७६ साली खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. मिळालेली वाट त्यांनी आपलीशी केली.

इतके सगळे कळलेल्या बाईने स्वतःच्या मुलीचे काय केले, ते आता सांगते. ते सांगावे की नाही याचा दोन रात्री विचार केला.

लेकीला बारावीला गुण चांगले पडले, म्हणून इंजिनिअरिंग. तिला विचारले नाही. गुण वाया जातील असे वाटले. २००९ साली ती बी.ई. झाली. हातात एका कंपनीचे पत्र होते, पण ते मंदीचे वर्ष. रुजू होण्याची तारीख आधी तीन महिने, मग सहा महिने पुढे गेली आणि मग पत्रे यायचीच थांबली. मी तिला बँकेच्या परीक्षेच्या क्लासला घातले. मला बँकेने तारले, तिलाही तारेल. अण्णांचेच वाक्य माझ्या तोंडी आले आणि मला ऐकूही गेले नाही. शेजारीपाजारी भेटले की 'आता पुढे काय?' विचारत. तिने गणपतीच्या आरतीला खाली येणे सोडले.

एके दिवशी मी रजा काढून भावाकडे साताऱ्याला निघाले. सकाळचे अकरा वाजले असतील. स्वारगेटच्या स्टँडवर फलाटाच्या टोकाला बाकावर माझी लेक बसली होती. क्लासची पिशवी मांडीवर, नजर समोर सुटणाऱ्या गाड्यांवर. क्लास दहाला सुरू होत असे. मी पुढे झाले नाही. माझी गाडी लागली, सुटली, आणि मी खांबाआड तशीच उभी राहिले. ती एकदाही हलली नाही. मला काय काय वाटून गेले ते इथे सांगवत नाही. आया आहात, समजून घ्याल.

संध्याकाळी ती वेळेवर घरी आली. "क्लास कसा झाला?" हा रोजचा प्रश्न मी विचारला नाही. जेवणे झाल्यावर म्हटले, "उद्यापासून क्लासला जायचे नाही. फी गेली तर गेली." ती बराच वेळ ताटाकडे पाहत बसली आणि मग म्हणाली, "आई, मला काय येतं तेच मला माहीत नाही गं." बावीस वर्षांची, प्रथम श्रेणीत इंजिनिअर झालेली मुलगी!

आम्ही दोघींनी ठरवले की वर्षभर नोकरीचे नाव काढायचे नाही. ओळखीपाळखीने निरनिराळ्या ठिकाणी जाऊन नुसते काम करून पाहायचे. दिरांच्या ओळखीच्या एका सी.ए.कडून ती चौथ्या दिवशी परत आली. एका मैत्रिणीच्या रोपवाटिकेत दोन महिने रमली, पण पाठ धरली. मग कळले, एका अंध मुलींच्या शाळेत कोणी देणगीदाराने संगणक दिले आहेत आणि शिकवायला कोणी नाही, म्हणून ते झाकून पडले आहेत. ही गेली. पहिल्याच दिवशी आठवीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, माऊस मला कशाला? बाण कुठे आहे ते मला दिसत नाही." चार वर्षे संगणक शिकलेल्या माझ्या लेकीला उत्तर देता आले नाही. घरी आली आणि पडद्यावर टॉवेल टाकून बसली. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर लावून, नुसत्या बोटांनी आणि कानांनी रात्री दीडपर्यंत शिकत होती. मी पाणी प्यायला उठले तेव्हा पाहिले. पुष्कळ महिन्यांनी तिच्या कपाळावर आठी होती. ती काळजीची नव्हती, कामाची होती.

पुढे तिने विशेष शिक्षणातली पदवी घेतली. त्या शिक्षकांची नोंद पुनर्वास परिषदेकडे व्हावी लागते, तीही केली. आता ती अंध मुलींना संगणक शिकवते आणि त्यांना परीक्षेसाठी तयार करते. पगार तिच्या वर्गमैत्रिणींच्या निम्माही नाही. त्यांतली एखादी परदेशातून आली, मोठ्या गाडीतून उतरली, की माझ्या पोटात अजून थोडे कालवते. तिच्या नसेल कालवत, माझ्या कालवते. ज्या घरात मुलीच्याच कमाईवर चूल पेटते तिथे वर्षभर थांबा असे सांगणे अन्यायाचे होईल, हेही मला ठाऊक आहे. आमच्याकडे माझा पगार होता.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांतून गावोगावच्या मुली स्पर्धापरीक्षांसाठी बसलेल्या आपण रोज पाहतो. जागा शेकड्यांत, अर्ज लाखांत. त्यांतल्या कित्येकींनी मामलेदार कचेरीत एक दिवस काढलेला नसतो. तो दिवस त्यांना मिळावा एवढेच माझे मागणे आहे. आपल्या मंडळात आज पोस्टातल्या बाई आहेत, परिचारिका आहेत, मसाल्याचा उद्योग करणाऱ्या आहेत, वकील आहेत, शिवणकामाचा वर्ग चालवणाऱ्या आहेत. दिवाळीच्या सुटीत एखाद्या मुलीला आठ दिवस बरोबर न्यायचे, खरे काम दाखवायचे, कंटाळवाणे कामही दाखवायचे. परवानगी काढावी लागेल तिथे मंडळाने पत्र द्यावे.

त्यासाठी एक वही मी खजिनदारबाईंच्या टेबलावर ठेवली आहे. माझ्या लेकीने आपल्या शाळेच्या वतीने पहिले नाव लिहिले आहे. दुसरे मसालेवाल्या काकूंचे आहे आणि त्यांनी पुढे 'सकाळी सहाला यावे लागेल' असे स्पष्ट नमूद केले आहे. पेन वहीलाच दोऱ्याने बांधले आहे. चहाला जाताना टेबल वाटेतच लागते.