शेवटचं गिऱ्हाईक कोण?
(गोंदिया जिल्हा मेळाव्यात एका धान उत्पादक शेतकऱ्याने केलेले भाषण)



मला कठाणी जनावरांबद्दल बोलायला सांगितलं आहे. मी धानाचा माणूस. चार एकर बांध्या, मामा तलावाचं पाणी, कोठ्यात दोन गाई, एक बैलजोडी आणि एक सांड. घरचा सांड पाळतो म्हणून गावात मला थोडा येडा समजतात. त्या येडेपणाचा हिशेब आज तुमच्यासमोर मांडतो.

कठाणी ही आपल्या धानपट्ट्यातली जात. मध्यम बांधा, बहुतेक पांढरा रंग, दूध बेताचं. पण चिखलात पाय टाकला की मागं सरत नाही. आपल्या बापजाद्यांनी ती पैदा केली आणि तिला सरकारी नाव नव्हतं. कागदावर ती 'गावठी' होती. २०२२ साली कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं कठाणीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. त्याच यादीत वऱ्हाडातली पूर्णाथडी म्हैसही आली. मला आनंद झाला. गावठी म्हणून हिणवलेल्या जनावराला दिल्लीपर्यंत नाव मिळालं. मग तालुक्याला पशुप्रदर्शन भरलं, तेव्हा मी ठरवलं, यंदा आपला सांड न्यायचा.

प्रदर्शनाला जनावर नेणं म्हणजे काय, हे ज्यानं नेलं त्यालाच माहीत. दोन महिने आधीपासून रोज संध्याकाळी त्याला दोरावर फिरवायचं, गर्दीत बुजू नये म्हणून बाजाराच्या दिवशी रस्त्यावर उभं करायचं. तणशीवर अंगाला चकाकी येत नाही, म्हणून लाखोरीचं कुटार, धानाचा कोंडा, मूठभर ढेप. आदल्या दिवशी तलावात धुणं, शिंगांना तेल, नवी वेसण. बायको म्हणाली, "पोराच्या लग्नात एवढी धावपळ केली नाही तुम्ही." खोटं नव्हतं ते.

तिथं डॉक्टरसाहेबांनी दात पाहिले, वशिंड, पोळी, खूर पाहिले, चार पावलं चालवून बघितलं. दुसरा नंबर आला. प्रमाणपत्र मिळालं, गळ्यात हार पडला, फोटो निघाला. आणि मग एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "बाबू, जनावर सुंदर आहे. याची किंमत किती?"

मला उत्तर देता आलं नाही. गावातल्या गाई त्याच्याकडे येतात त्या फुकट. विकायला काढला तर घेणारा कोण? घरी येईपर्यंत तो एकच प्रश्न डोक्यात. त्याचं उत्तर शोधताना मला एका परदेशी जनावराची गोष्ट सापडली. ती आधी ऐका.

दक्षिण अमेरिकेत, पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरात अल्पाका नावाचं जनावर आहे. उंटाच्या कुळातलं, मेंढीपेक्षा थोडं मोठं, अंगावर मऊ लोकर. वर्षातून एकदा कातरायची, दोन-तीन किलो मिळते. तिथल्या डोंगरातली गरीब माणसं हजारो वर्षं त्याच्यावर जगली. १९८४ पासून हे जनावर अमेरिकेत जाऊ लागलं. तिथं त्याची वंशावळीची नोंदवही झाली, प्रदर्शनं भरू लागली. परीक्षक लोकर उकलून तिचा बारीकपणा, दाटपणा पाहणार, मग रिबीन लावणार. रिबीन लागलेल्या नराची किंमत आभाळाला. १९९८ साली बाहेरून आणलेल्या जनावरांना ती नोंदवही बंद केली. माल दुर्मिळ, भाव आणखी वर. एकेक मादी हजारो डॉलरला जायला लागली.

मादीला साडेअकरा महिन्यांनी एकच पिल्लू होतं. ते विकायचं कुणाला? नव्यानं फार्म काढणाऱ्याला. त्याचं पिल्लू कुणाला? त्याच्या पुढच्याला. २००७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी साधा हिशेब केला: या जनावराच्या लोकरीचे बाजारात जे पैसे येतात, त्यातून ही किंमत निघते का? निघत नव्हती. हा फुगा आहे, असं त्यांनी लिहिलं. पुढच्या काही वर्षांत मंदी आली, नवे गिऱ्हाईक आटले, आणि हजारोंची जनावरं लोकांनी मिळेल त्या भावानं, काहींनी तर फुकट देऊन टाकली. जनावरात खोट नव्हती. लोकरही खरी होती. खोटी होती ती किंमत, कारण ती एका पैदासकारानं दुसऱ्या पैदासकाराकडून घ्यायची होती.

अमेरिकेतली माणसं फसली म्हणून हसू नका. इमू आठवतो का? अंडी देतो, तेल देतो, कातडं देतो म्हणून शेतकऱ्यांनी कुंपणं घातली. पिल्लं पुढच्या शेतकऱ्याला विकायची होती. २०१२ साली तामिळनाडूत इरोडकडे तो डोलारा कोसळला आणि महाराष्ट्रातही उपाशी इमू फिरताना लोकांनी पाहिले. मग कडकनाथ कोंबडी. कोंबडी अस्सल, झाबुआची. २०१९ साली सांगलीकडे त्याच कोंबडीच्या नावावर हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. उद्या आणखी काही येईल. म्हणून माझं पहिलं सांगणं हे: कुणीही 'जातिवंत' जनावर विकायला दारात आला, तर त्याला एकच विचारा. याचं शेवटचं गिऱ्हाईक कोण? जो हे जनावर पुढं विकायला नाही तर वापरायला घेतो, तो मला दाखव. तो दाखवता आला नाही तर पाणी पाजा आणि रवाना करा.

आता हाच प्रश्न मी माझ्या सांडाला लावतो. कठाणीचं शेवटचं गिऱ्हाईक कोण? चिखलणी करणारा शेतकरी. पट धावडवणारा शौकीन. आणि बैल कामातून गेल्यावर त्याचे चार पैसे देणारा बाजार. तीन गिऱ्हाईकं होती. तिघांचं काय झालं ते बघा.

चिखलणीत ट्रॅक्टर आला. येऊ द्या, मी ट्रॅक्टरच्या विरोधात नाही. शंकरपट ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बंद झाले. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा कायम केला. मधली सात वर्षं पटाची जोडी तयार करणाऱ्यानं काय खायचं होतं, हे कुणी विचारलं नाही. तिसरं गिऱ्हाईक गेलं ते मार्च २०१५ मध्ये, बैल आणि वळूच्या कत्तलीवर बंदी आली तेव्हा. मी कुणाच्या श्रद्धेवर बोलत नाही. पोळ्याला मीही बैलाच्या पाया पडतो. हिशेब सांगतो. पूर्वी म्हातारा बैल विकून त्यात भर टाकून नवा गोऱ्हा यायचा. आता म्हाताऱ्या बैलाची वैरण माझ्या बोकांडी आणि नव्याचे पैसेही माझेच. मग कोठ्यातला गोऱ्हा कोण वाढवील?

परिणाम पशुगणनेत लिहिलेला आहे. २०१२ ते २०१९ या काळात महाराष्ट्रातलं गोधन सुमारे दहा टक्क्यांनी घटलं. देशातले बैल, वळू, गोऱ्हे मिळून नर सुमारे तीस टक्क्यांनी घटले. एका हातानं जातीला प्रमाणपत्र द्यायचं, दुसऱ्या हातानं तिचा बाजार मोडायचा. जात कागदावर जगत नाही, भावावर जगते.

मग करायचं काय? सरकारकडे अनुदान मागा, असं मी म्हणणार नाही. मी चार गोष्टी सांगतो.

एक. सांड फुकट लावू नका. मी यंदा एका गाईमागं दोन पायली धान असा दर ठेवला आहे. दोन घरं रुसली. सात घरांनी दिलं. फुकटच्या गोष्टीची काळजी कुणी घेत नाही.

दोन. वही ठेवा. गाय कुणाची, तारीख कोणती, वासरू कसं. सांडाच्या कालवडी मोठ्या होऊन त्याच्याकडेच येण्याआधी, म्हणजे तीन वर्षांत, शेजारच्या गावाशी सांड बदला. नाही तर आपणच आपली जात खराब करू.

तीन. प्रदर्शन मैदानात नको, बांधीत भरवा. दूध मोजून सरकार २०२१ पासून गोपाळरत्न पुरस्कार देतं, ते ठीक. पण कठाणीची परीक्षा गुडघाभर चिखलात आहे. लहान बांधीत, जिथं ट्रॅक्टर वळत नाही, रुततो, तिथं कोणती जोडी दिवसात किती चिखलणी करते ते मोजा आणि मग हार घाला. तो नंबर बघून मला चिखलणीचं काम मिळेल. हाराला पाहून मिळत नाही.

चार. आमचं जनावर केव्हा घ्यायचं, केव्हा विकायचं, हे आम्हाला ठरवू द्या. ज्यांना म्हातारा बैल सांभाळावासा वाटतो त्यांनी तो बाजारभावानं विकत घ्यावा. आम्ही दोर हातात देऊ, वर हळदीकुंकूही लावू.

त्या म्हाताऱ्याला मला उत्तर द्यायचं आहे. पुढच्या प्रदर्शनाला तो भेटला तर मी प्रमाणपत्र दाखवणार नाही, वही दाखवणार. किती गाई आल्या, किती धान आलं, किती बांध्यांची चिखलणी झाली. ती बेरीज वैरणीच्या खर्चापेक्षा जास्त भरली तर माझ्यानंतर माझा पोरगा हा सांड पाळील. कमी भरली तर पाळणार नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही.

आपापल्या गावात जाऊन अशी वही आजच घाला. पुढच्या मेळाव्याला ती घेऊन या. एवढंच सांगून मी माझं बोलणं संपवतो.