जुनी शिक्षा आणि दुकानातील नोकरी

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, पोलीस पाटील आणि मुख्याध्यापक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



तालुक्याच्या बाजारपेठेत दुकानाला माणूस कसा मिळतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. जाहिरात क्वचितच निघते. कापडवाला शेजारच्या भांडीवाल्याला सांगतो, "एखादा भरवशाचा पोरगा असला तर पाठवा." भांडीवाला आपल्या हमालाला विचारतो, हमाल गावी निरोप धाडतो, आणि चार दिवसांत कोणाचा तरी भाचा किंवा गाववाला दुकानात कापड उलगडू लागतो. शिक्षण किती, हिशेब येतो की नाही, हे प्रश्न मागाहूनचे. पहिला प्रश्न असतो तो, "कोणाच्या ओळखीचा?" मोठ्या शहरांतील साखळी दुकानांत अर्जाचा छापील नमुना आला आहे, पडताळणी करणाऱ्या संस्था आल्या आहेत, परंतु तेथेही कोणीतरी या माणसाविषयी शब्द द्यावा, ही अपेक्षा कायम आहे.

शिक्षा भोगून परतलेल्या माणसाचे नेमके हेच भांडवल बुडालेले असते. हात तेच असतात; कित्येकदा तुरुंगातील कारखान्यात विणकाम, सुतारकाम वा शिवणकाम शिकून ते अधिक कुशल झालेले असतात. मात्र त्याच्यासाठी शब्द टाकणारा कोणी उरलेला नसतो. आणि येथेच या सभेत बसलेल्या मंडळींचा संबंध येतो, कारण दाखला लिहिणारा हात त्यांचा आहे.

दुकानदाराच्या बाजूनेही विचार करावयास हवा. त्याची भीती पोकळ नाही. गल्ला, गोदामाची किल्ली, उधारीची वही हे सारे त्याला दुसऱ्याच्या हाती सोपवावे लागते. कायद्यानेही या विश्वासाची कदर केली आहे. भारतीय न्याय संहिता, २०२३ प्रमाणे साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद आहे, तर नोकराने मालकाच्या मालाची चोरी केल्यास ती सात वर्षांपर्यंत जाते. तेव्हा दुकानदाराने चौकशी करू नये, असे कोणी म्हणणार नाही. चौकशी कशाची करावी, एवढाच प्रश्न आहे.

आज ही चौकशी बहुधा एका वाक्यावर थांबते: "तो आत जाऊन आलेला आहे." हे वाक्य फार फसवे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे शेकडा पंचाहत्तरांहून अधिक, न्यायाधीन होते. त्यांचा निकाल लागावयाचा होता. म्हणजे आत जाऊन येणे आणि गुन्हा शाबीत होणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. अटक झाली, खटला चालला, निर्दोष सुटका झाली, तडजोडीने प्रकरण मिटले, दोषी ठरून दंड झाला, कारावास झाला. या प्रत्येकाचा अर्थ वेगळा. पारावरच्या गप्पांत मात्र सगळ्यांना एकच शब्द असतो.

अलीकडे न्यायालयांची माहिती संगणकावर खुली झाल्याने एक नवी अडचण उभी राहिली आहे. नाव घालून शोध घेतला की प्रकरणे समोर येतात, पण निकालपत्र वाचण्याची तसदी घेतली जात नाही. महाराष्ट्रात एका तालुक्यात एकाच नावा-आडनावाची दहा माणसे निघणे नवलाचे नाही. वडिलांचे नाव, गाव आणि वय ताडून न पाहता घेतलेला शोध भलत्याच माणसाची भाकरी काढून घेऊ शकतो.

उमेदवाराने सांगावे की लपवावे, हा सर्वांत नाजूक प्रश्न. लपवण्याचा मोह स्वाभाविक आहे. खरे सांगितल्यावर दारे बंद झाल्याचा अनुभव त्याच्या गाठीशी असतो. तरीही विचारल्यावर खोटे उत्तर देणे हा तोट्याचा व्यवहार आहे. सरकारी नोकरीच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात याचा सविस्तर विचार केला. विचारलेली माहिती खरी दिली पाहिजे, हे न्यायालयाने ठामपणे सांगितले. त्याच वेळी, कोवळ्या वयात दिलेल्या घोषणा किंवा एखादा क्षुल्लक गुन्हा यांसारखी गोष्ट कोणी लपवली असेल, तर तीकडे दुर्लक्ष करण्याचा विवेक नेमणूक करणाऱ्याने वापरावा, असेही सुचवले. खरे सांगितले म्हणून नोकरी मिळेलच, असा मात्र या निकालाचा अर्थ नाही. खाजगी दुकानदाराला हा निकाल थेट लागू नसला, तरी त्यातील तारतम्य त्यालाही उपयोगी पडावे.

कायद्याने कोणती दारे उघडी ठेवली आहेत, हे गावपातळीवर फारसे ठाऊक नसते. दुकानांतील नोकरीचे नियमन करणारा, बोलीभाषेत ज्याला गुमास्ता कायदा म्हणतात तो, १९४८ च्या जुन्या अधिनियमाची जागा घेत २०१७ साली नव्याने झाला. शिक्षा झालेल्यास दुकानात ठेवू नये, असे त्यात कोठेही नाही. उलट खाजगी सुरक्षा संस्थांविषयीच्या २००५ च्या अधिनियमाने न्यायालयाने दोषी ठरवलेल्या व्यक्तीस सुरक्षारक्षक म्हणून नेमण्यास मनाई केली आहे. म्हणजे एकाच मॉलमध्ये दरवाजावरच्या गणवेशाची नोकरी त्याला बंद, पण आतील कपडे लावण्याची वा देयके करण्याची नोकरी कायद्याने खुली. हा भेद न कळल्यामुळे माणसे दरवाजावरूनच परत फिरतात.

पहिल्याच लहान अपराधासाठी समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलेल्यांसाठी अपराधी परिविक्षा अधिनियम, १९५८ चे बारावे कलम आहे. दोषसिद्धीमुळे एखाद्या कायद्याखाली येणारी अपात्रता अशा व्यक्तीस लागत नाही. दोषसिद्धी पुसली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केले आहे. पण जो कलंक कायदा चिकटवू इच्छीत नाही, तो बाजारपेठेने आयुष्यभर का चिकटवावा?

मुलांच्या बाबतीत कायदा याहून पुढे गेला आहे आणि शिक्षकांनी ते विशेष ध्यानात ठेवावे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अठरा वर्षांखालील मुलास अशा प्रकरणामुळे अपात्रता येत नाही आणि ठराविक मुदतीनंतर त्याच्या दोषसिद्धीची कागदपत्रे नष्ट करावयाची असतात. अपवाद आहे तो सोळा वर्षांवरील ज्या मुलाचा अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालतो त्याचा. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य प्रमाणपत्रासाठीसुद्धा पोलिसांनी मुलाची नोंद उघड करू नये, अशी स्पष्ट तरतूद आहे. जे पोलिसांनी सांगावयाचे नाही, ते मुख्याध्यापकाने शाळेच्या शेऱ्यात लिहिणे कसे शोभेल?

प्रौढांच्या बाबतीत, ठराविक काळानंतर जुनी शिक्षा मागे पडली असे मानणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. ब्रिटनमध्ये तो १९७४ साली झाला. २०२३ च्या सुधारणेनंतर इंग्लंड व वेल्समध्ये एक वर्षापर्यंतची कैद संपल्यावर एक वर्ष, चार वर्षांपर्यंतच्या कैदेनंतर चार वर्षे आणि त्याहून मोठ्या कैदेनंतर सात वर्षे निष्कलंक गेल्यास बहुतेक नोकऱ्यांसाठी ती शिक्षा सांगावी लागत नाही. हिंसाचार, लैंगिक अत्याचार व दहशतवादाचे गंभीर गुन्हे त्यातून वगळले आहेत. त्याच देशात टिम्पसन नावाची, बूट दुरुस्त करणारी आणि किल्ल्या करून देणारी दुकानांची साखळी आहे. तिच्या कामगारांत सुमारे दहांत एक जण शिक्षा भोगून आलेला असतो. तुरुंगातून आलेल्या माणसाच्या हाती लोकांच्या घरांच्या किल्ल्या! तिचे प्रमुख जेम्स टिम्पसन यांना जुलै २०२४ मध्ये तेथील सरकारने तुरुंगांचे मंत्री केले.

विश्वासाचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे बंद्यांची भिंतीविना वसाहत उभी राहिली. त्या प्रयोगावरून स्फुरलेल्या व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटात बंदी स्वतः पिकवलेली भाजी बाजारात नेऊन विकतात. त्यांचा पहिला खरा संघर्ष तुरुंगाशी होत नाही. तो बाजारातील व्यापाऱ्यांशी होतो, हे मार्मिक आहे.

आता दाखल्याविषयी. समजा, एका तरुणाला एकोणिसाव्या वर्षी जत्रेतील मारामारीत सहा महिन्यांची शिक्षा झाली. आज तो एकतीस वर्षांचा आहे, दोन मुलांचा बाप आहे, आणि तालुक्याच्या किराणा दुकानात त्याला काम हवे आहे. तो सरपंचांकडे येतो. सरपंच एक तर "याच्यावर कोणताही गुन्हा नाही" असे लिहून मोकळे होतात किंवा हात झटकतात. पहिला दाखला खोटा आहे. उघडकीस आला की तरुणाची नोकरी जाते, आणि सरपंचांवरही बालंट येते. दुसरे वर्तन सोयीचे, पण त्याने तरुण अधिकच एकटा पडतो.

खरा दाखला तिसराच. अमुक वर्षी अमुक प्रकरणात शिक्षा झाली, ती भोगून पूर्ण झाली, त्यानंतर तो गावात राहत असून दोन हंगाम ग्रामपंचायतीच्या पाणीयोजनेवर कामाला होता, त्याच्याविषयी तक्रार आलेली नाही. एवढे चार ओळींत मावते. पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीची जागा असा दाखला घेणार नाही. परंतु पडताळणीत नुसती नोंद दिसते, बारा वर्षे दिसत नाहीत. ती गावानेच सांगावयाची असतात. असा कागद हाती आल्यावर दुकानदारालाही तोलून पाहता येते: गुन्हा कोणता, किती वर्षे झाली, आणि काम काय. मारामारीच्या शिक्षेचा वजनकाट्याशी संबंध नाही. अफरातफरीत शिक्षा झालेल्यास पहिल्या दिवशी गल्ल्यावर बसवण्याचे कारण नाही. गोदामात माल उतरवून घेणे, मांडणी, घरपोच पोचवणे ही कामे आहेतच. आणि मुलांवरील अत्याचाराबद्दल दोषी ठरलेल्यास गणवेशाच्या दुकानात ठेवू नये, हे सांगण्यात कोणताही अन्याय नाही.

ज्यांना कधी शिक्षाच झाली नाही, त्यांचे काय? १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी मुक्त झाल्या. तरीही पारध्याच्या मुलाला आडनावावरून दुकानाच्या पायरीखाली उभे केले जाते. त्याच्याकडे ना खटला, ना निकालपत्र. निर्दोष ठरण्याची सोयसुद्धा नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी रद्द करताना या जमातींकडे सराईत गुन्हेगार म्हणून पाहण्याच्या प्रवृत्तीवरही कडक ताशेरे ओढले. अशा मुलासाठी शाळेने दिलेला साधा दाखला, हजेरी अमुक, गुण अमुक, वर्तणूक चांगली, हा दुकानदारासमोर ठेवण्याजोगा पहिला पुरावा ठरतो, म्हणून तो मागितल्याच्या दिवशीच मिळावा.

कामाला कोठून प्रारंभ करावा, असे विचारले तर निकालपत्रापासून. अनेकांना आपल्याच खटल्याचा नेमका शेवट काय झाला, हे सांगता येत नाही. कारावासाची शिक्षा होते तेव्हा निकालाची प्रत आरोपीस विनामूल्य मिळते. ती हरवली असल्यास न्यायालयाकडे अर्ज करून प्रमाणित प्रत घेता येते. प्रकरणाचा क्रमांक शोधून देणे आणि अर्ज लिहून देणे हे ग्रामपंचायतीच्या कार्यालयात अर्ध्या तासाचे काम आहे. त्यापुढे जिल्ह्याच्या परिविक्षा अधिकाऱ्यांची गाठ घालून द्यावी. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून बंद्यांच्या पुनर्वसनाचे काम करीत आहे. शहरात कामाच्या शोधात निघालेल्या तरुणाच्या खिशात निकालपत्राबरोबर त्याचाही पत्ता असावा.