नऊ श्लोक आणि नऊ बार



ज्युबिलीच्या समयी पूर्वजांचे स्मरण करणे उचितच होय. परंतु त्यांच्या ठेव्यापैकी जे अर्धेच हाती उरले, ते पूर्ण करावे की तसेच राखावे? याविषयी दोन उदाहरणे आपणांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

पहिले आपल्या शेजारचे. पोलादपुरास कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांच्या संस्कृत ‘शिवभारता’चे हस्तलिखित तंजावरास मिळाले, व सदाशिव महादेव दिवेकर यांनी ते १९२७ साली प्रसिद्ध केले. त्यात ३१ अध्याय पूर्ण आहेत. ३२ व्या अध्यायाचे ९ श्लोक होतात आणि ग्रंथ थांबतो. पुढील इतिहास इतर साधनांवरून कळतो, कवीची वाणी मात्र कळत नाही. म्हणून दहावा श्लोक कोणी रचून जोडिला नाही.

दुसरे उदाहरण जर्मनीतील. कॉन्चेर्टो म्हणजे एका वाद्याने पुढे होऊन वाद्यवृंदाशी केलेला संवाद. त्याचे बहुधा तीन भाग असतात. योहान सेबास्टियान बाख यांच्या १७३८ च्या सुमाराच्या वहीत असा एक कॉन्चेर्टो आरंभिलेला आहे, परंतु ९ बार, म्हणजे तालाची नऊ घरे, लिहून तो तुटला आहे.

सुदैवाने त्यास साक्षीदार आहे. बहिऱ्या-मुक्यास प्रभूने बरे केले, त्या शुभवर्तमानाच्या रविवारी, ८ सप्टेंबर १७२६ रोजी, लाइप्झिग येथे बाख यांचा एक कँटाटा गाइला गेला. त्यात ऑर्गनप्रधान असे दोन वाद्यखंड आहेत, आणि पहिल्याचा आरंभ याच नऊ बारांशी जुळतो. ते दोन्ही खंड एखाद्या जुन्या, नष्ट कॉन्चेर्टोतून आले असावेत, असे अभ्यासक मानितात. त्यांवरून पहिला व तिसरा भाग उभा करिता येतो. मधल्या संथ भागास मात्र असा साक्षीदार नाही. कोणी त्याच कँटाटातील गीत तेथे बसवितात, कोणी अन्य रचना घेतात. ऐकावयास ते गोड लागते. तथापि तो तर्क होय, आणि श्रोत्यांस तसे सांगणे हे संपादकाचे कर्तव्य होय.

ज्यांच्या घरी वृद्धांच्या मुखी जुनी भक्तिगीते तुटक उरली असतील, त्यांस आमची विनंती एवढीच: जसे ऐकाल तसे लिहून ठेवा. दुसऱ्या घरच्या आठवणीशी जुळेल ते जोडा, व कोणाकडून मिळाले तेही नोंदवा. जेथे कोणाचीच साक्ष नाही, तेथे स्वतःची ओळ घालू नका. जागा कोरी सोडा. उद्या कोणास ती खरी ओळ आठवली, तर लिहावयास तेथे जागा असेल.